रूपालीची पात

साळूबाईच्या सुनेला मास्तरीण व्हायचं होतं आणि मास्तरीण व्हायला काय काय लागतं हे ऐकून साळूबाईचे कान किटले होते. मोनिका लग्न होऊन आली तीच बी.एस्सी. झालेली. साळूबाईला वाटलं, चला, उद्यापरवा कुठल्यातरी शाळेत लागेल. तर कळलं, नुसत्या डिग्रीला कुणी विचारत नाही. वर बी.एड. लागतं. बी.एड. झालं की टीईटी. टीईटी निघाली की आणखी एक परीक्षा, जिचं नाव साळूबाईच्या तोंडात कधी बसलंच नाही. ती निघाली की कॉम्प्युटरवर नाव टाकायचं आणि सरकार जागा कधी काढतंय याची वाट बघत बसायचं.

"सातवीच्या पोरांना शिकवायला इतकं?" साळूबाई विचारायची. "आमच्या येळंला म्याट्रिक झालेला मास्तर यायचा अन् सगळ्या गावाला धाकात ठेवायचा."

"आता तसं नाय राह्यलं, आत्या," मोनिका म्हणायची. सासूला ती आत्या म्हणायची.

लग्न ठरवताना साळूबाईच्या नवऱ्यानं, बद्रीनाथनं, व्याह्यांना शब्द दिला होता की बी.एड.ची दोन वर्षं पोरीला देऊ. मुलगा शिवराज वाळूजच्या कंपनीत होता. शहरात गारखेड्यात त्यानं खोली घेतली होती आणि मोनिकाचं कॉलेजही शहरातच. त्यामुळे पहिलं वर्ष तिकडच्या तिकडं निघालं. पण बी.एड.वाल्यांना काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. मोनिकानं त्यासाठी आपल्या सासरच्या गावचीच शाळा मागून घेतली. पिशोरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपर्यंतची. तेव्हापासून सून घरी होती. सकाळी शाळेची घंटा होईपर्यंत सासूबरोबर कापसात वाकायची, मग हातपाय धुऊन, कॉलेजची फिकट साडी नेसून शाळेत जायची. साळूबाईला आयतं माणूस मिळालं होतं. ते तिला आवडलंही होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

"दोन वर्सं म्हंजी दोन," बद्रीनाथनं मात्र बजावून ठेवलं होतं. "नापास झाली तर तिसरं वर्स नाय. आमालाबी घरात माणूस लागतं."

मोनिका हे ऐकून मान खाली घालून भाकरी थापायची. या वर्षी तिला पास व्हायचंच होतं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि सगळं शिवार एकदम फुटलं. कपाशीची पऱ्हाटी पांढरीफेक. सगळ्यांचाच कापूस एकदम फुटल्यावर वेचायला बाया आणायच्या कुठून? जो तो मजुरांच्या वस्तीवर चकरा मारत होता. त्यात मोबाईल सांगायला लागला की अवकाळी येणार. शिवराजनंही फोन करून तेच सांगितलं. भिजलेल्या कापसाचं काय होतं ते साळूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. पिवळा पडतो, चिखलाचे डाग पडतात आणि व्यापारी तो हातात घेऊन असं तोंड करतो की आपल्यालाच लाज वाटावी.

अशा दिवसांत एका संध्याकाळी मोनिका जमिनीवर मोठा कागद पसरून त्यावर रंगीत खडूनं काहीतरी काढत होती. मान वर न करता म्हणाली,

"आत्या, उद्या माझी शेवटची परीक्षा हाय. बाहेरच्या म्याडम येणारेत शहरातून. उद्या सकाळी मला कापसात नाय येता यायचं."

सांगताना पोरीचा आवाज इतका बारीक झाला होता की साळूबाईला कसंसंच झालं. आपण हिला एवढं भ्यायला लावलं का? एरवी ती दोन शब्द सुनावल्याशिवाय राहिली नसती. त्या दिवशी म्हणाली, "जा गं. तू नको काळजी करू. मी बघते."

आणि खरोखरच ती बघायला निघाली. पदर खोचून वस्तीवर गेली आणि दारोदार सांगत सुटली, "उद्या पोरींनाबी आणा. एक दिस शाळा बुडाली तर काय आभाळ कोसळत नाय. मोठ्या बायांच्या बरोबरीनं काट्यावर घीन त्यांचा कापूस, किलोला तोच भाव." मुक्ताबाईला तर तिनं मुद्दाम सांगितलं, कारण मुक्ताबाई वेचणाऱ्या बायांच्या गटातली पुढची बाई. ती आली की बाकीच्या येतात. आणि तिची लेक रूपाली नुसती सातवीत होती, पण दोन्ही हातांनी वेचायची.

घरी येऊन साळूबाईनं मोठ्या खुशीत सुनेला सांगितलं, "तुझ्या हातांची सोय केली बघ. तू निवांत जा परीक्षेला."

मोनिकानं उठून सासूच्या पाया पडून घेतलं. काय सोय केली हे तिनं विचारलं नाही आणि साळूबाईनं सांगितलं नाही. साळूबाईच्या लेखी परीक्षा म्हणजे शिवराजनं दिली तशी. बाकावर बसायचं, कागद यायचा, पेनानं भरायचा आणि तोंड सुकवून बाहेर यायचं. त्यात आणखी कुणाचं काय काम?

सकाळी दव वाळल्यावर बाया आल्या, आणि सांगितल्याप्रमाणे पोरी आल्या, दोन-चार पोरंसुद्धा. कमरेला फडक्याच्या ओट्या बांधून जो तो आपापली पात, झाडांची ओळ, धरून उभा राहिला. साळूबाईच्या जिवात जीव आला. डोंगराकडून आभाळ गढूळ होत चाललं होतं, पण एवढे हात लागल्यावर दिवस मावळायच्या आत अर्धं वावर तरी उरकलं असतं. रूपाली आईच्या शेजारच्या पातीत होती. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, नवख्या माणसाची बोटं रक्ताळतात. या पोरीची बोटं त्या टोकांना चुकवून नुसता कापूस ओढून घेत होती.

"हिचा हात लई चलाख हाय गं मुक्ते," साळूबाई म्हणाली.

"व्हय, शाळंतबी चलाख हाय म्हणत्यात," मुक्ताबाई म्हणाली आणि वेचत राहिली.

ऊन डोक्यावर यायच्या आधीच बांधावरून मोनिका पळत येताना दिसली. फिकट साडीच्या निऱ्या मुठीत धरलेल्या, डोक्यावर पदर नाही. घरात कुणाला काही झालं की काय?

मोनिका पातीच्या तोंडाशी येऊन थांबली. तिनं पऱ्हाटीतून वर आलेली एकेक डोकी बघितली. मग साळूबाईकडं बघून म्हणाली,

"आत्या, वर्गात पोरंच नायती."

"मग?"

"मग म्हंजे? म्याडम येणारेत. मी शिकवायचं अन् त्या मागं बसून बघणार. पोरंच नसली तर मी कुणाला शिकवू? भिताडाला?"

साळूबाईला आधी ते नीट उमगलंच नाही. "अगं पण परीक्षा तुझी हाय ना?"

"माझीच हाय. पण ती पोरांसमोर असती, आत्या!" मोनिकाचा आवाज फाटला. "सगळी सातवी आपल्या कापसात हाय. हेडमास्तर म्हणले, कापसाच्या दिसात असंच असतं, म्याडमला सांगू. म्याडम पुन्ना येत नसतात. वर्ग नाय तर मार्क नाय, मार्क नाय तर नापास."

एवढं बोलून ती तिथंच बांधावर बसली. कडक इस्त्रीची साडी मातीत गेली तरी तिला भान नव्हतं. साळूबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सुनेचं भलं करायला म्हणून घरोघर हिंडून आपण तिची परीक्षाच कापसात आणून उभी केली. तिला आयुष्यात इतकं मूर्ख कधी वाटलं नव्हतं, आणि असं वाटलं की साळूबाई हमखास मोठ्यानं बोलायची.

"ए पोरींनो!" ती ओरडली. "सोडा ओट्या. चला शाळंत. चला, चला, हातपाय हालवा!"

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी ओटीची गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात मुक्ताबाई पातीतून सरळ उभी राहिली.

"थांब गं," ती पोरीला म्हणाली. मग साळूबाईकडं वळली. "आक्का, काल सांजच्याला तुमी माझ्या दारात आल्या. पोरी आणा म्हणल्या. आमी आणल्या. आता शाळंत न्या म्हणता. उद्या काय म्हणाल?"

"अगं, सुनंची परीक्षा हाय."

"ते ऐकलं. तुमचा कापूस असला की पोरी कापसात. तुमच्या सुनंची परीक्षा असली की पोरी शाळंत. आमची पोरगी कुठं जायाची, हे आमाला कधी इचारताल?"

बाकीच्या बायांचे हात थांबले. त्यांच्यातली लक्ष्मीबाई तोंडाला पदर लावून हसली, का खोकली, कोण जाणे. साळूबाईचं तोंड लाल झालं. तिच्याच वावरात, तिच्याच कामावर आलेल्या बाईनं तिला असं चारचौघींत विचारावं! एरवी ती म्हणाली असती, नसेल यायचं तर नको येऊ. पण डोंगराकडं आभाळ होतं, बांधावर सून होती आणि मुक्ताबाई बोलली त्यात खोडून काढण्याजोगं काही सापडत नव्हतं.

मोनिका उठून पुढं आली. "मुक्ताकाकू, चुकी माझी हाय. मी येऊन घरोघर सांगाया पायजे हुतं. मला वाटलं, शाळेचा दिस हाय, पोरं येतीलच."

"तुझं काय नाय, बाय," मुक्ताबाई जरा नरमाईनं म्हणाली. "पण आमचं पोट काट्यावर हाय. रूपाली गेली की माझ्या गाठोड्यात तिचा कापूस कमी. ते कोण भरून देणार?"

"मी देते की वरून काहीतरी," साळूबाई म्हणाली.

"वरून नको. मला काय भीक नको." मुक्ताबाईनं लेकीच्या पातीकडं बोट केलं. "रूपालीची पात तुमी धरा. वेचलेलं माझ्या गाठोड्यात टाका. मग न्या पोरीला."

आता मात्र बाया उघड उघड हसल्या. मालकीण आपल्याच वावरातला कापूस वेचून कामावरच्या बाईच्या गाठोड्यात टाकणार, आणि तोच कापूस तिच्या नावावर तोलून घेणार! गावात हे सांगितलं तर कुणी खरं मानलं नसतं. साळूबाईनं मोनिकाकडं बघितलं. मोनिका नुसती बघत होती. त्या बघण्यापुढं साळूबाईचा ताठा टिकला नाही.

"दे इकडं," ती रूपालीला म्हणाली आणि पोरीच्या कमरेची ओटी सोडून आपल्या कमरेला बांधायला लागली. ओटी लहान होती. पोरीच्या मापाची. गाठ मारताना श्वास आत घ्यावा लागला.

मुक्ताबाईची गेली तशा बाकीच्यांच्याही गेल्या. लक्ष्मीबाईनं तेवढी आपली धाकटी ठेवून घेतली आणि कुणी तिला काही म्हटलं नाही. पोरं बांधावरून मोनिकाच्या मागं रांगेत निघाली. केसांत कापसाचे तंतू, पायांना माती. मध्येच रूपाली पळायला लागली आणि मग सगळीच पळाली.

साळूबाई वाकली. कापूस वेचायची तिला सवय नव्हती असं नाही, जन्म त्यातच गेला होता. पण आपल्या वावरात ती आपल्या मर्जीनं वेचायची. मन लागलं नाही तर उठून काट्याकडं जायची, बायांना चहा द्यायची, कुणाची पात मागं राहिली ते बघायची. आता मुक्ताबाई शेजारच्या पातीत होती आणि मागं राहायचं नव्हतं. गुडघे कुरकुरायला लागले. कंबर धरली. मुक्ताबाईचे हात सपसप चालत होते. ओटी भरली की साळूबाई जाऊन मुक्ताबाईच्या गाठोड्यात रिकामी करायची. पहिल्या वेळी तिला हात उलटा करताना जड गेलं. नंतर नंतर काही वाटेनासं झालं. नुसती पाठ दुखत होती.

दुपार कलताना बद्रीनाथ काटा घेऊन आला. बायको दुसऱ्याच पातीत, कमरेला इवलीशी ओटी बांधलेली, हे बघून तो चक्रावला.

"हे काय चाललंय?"

"काय नाय. मी मुक्ताच्या हाताखाली कामाला लागले," साळूबाई म्हणाली. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं हसू. मुक्ताबाईही हसली. बद्रीनाथला मात्र हसू आलं नाही. तो आभाळाकडं बघून पुटपुटला, "पोरांचे हात असते तर खालचा तुकडा झाला असता."

गाठोडी कशीबशी झाडाखाली आणून ताडपत्री ओढली आणि सर आली. मोठी सर. खालचा तुकडा तसाच उभा होता. बाया ताडपत्रीच्या कडा धरून बसल्या आणि सगळ्यांनी मिळून तो कापूस भिजताना बघितला. साळूबाईला आतून तुटत होतं. वर्षभर लेकरासारखं सांभाळलेलं पीक डोळ्यांसमोर लोंबायला लागलं होतं.

पाऊस उघडला तशी रूपाली चिखल तुडवत आली. आईला सांगायला लागली तर शब्दाला शब्द लागत नव्हता. मोनिका म्याडमनं पेला काठोकाठ भरला, वर पुठ्ठा ठेवला, पेला उपडा केला, तरी पाणी पडलं नाही. कारण हवा खालून दाबती. हवेला जोर असतो आई, दिसत नाय पण असतो. मग म्याडमनं रूपालीला पुढं बोलावून करायला लावलं, तिच्या हातूनही पडलं नाही. शहरातल्या म्याडमनी तिला नाव विचारलं. मुक्ताबाई ऐकत होती आणि पोरीच्या केसांतले कापसाचे तंतू काढत होती. तंतू कधीच निघून गेले होते तरी बोटं फिरत होती.

घरी चुलीपुढं मोनिका बसली होती. साडी बदललेली, डोळे सुजलेले.

"काय झालं? पास ना?" साळूबाईनं दारातूनच विचारलं.

"पास. म्याडम खूश झाल्या."

"मग रडली कशापायी?"

मोनिकानं चुलीत काटकी सारली. "म्याडम सगळ्यांपुढं म्हणल्या, कापसाच्या दिसातबी वर्ग असा भरलेला त्यांनी कुठं बघितला नाय. म्हणल्या, ह्या छात्राध्यापिकेनं गावात शिक्षणाची गोडी लावली. टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनीबी वाजवल्या." तिनं आणखी एक काटकी मोडून आत सारली. "पोरं माझ्याकडं बघायली हुती, आत्या. त्यांना माहीत हुतं ना, कुठून आणली ते."

बद्रीनाथनं भिजलेल्या तुकड्याचं बोलणं काढलं आणि पोरगी पास झाली म्हटल्यावर थांबवलं. जेवणं झाली. ताटं उचलताना मोनिकानं विचारलं, "उद्या त्या पोरी परत कापसातच येतील ना?"

"येतील की. भिजलाय तो वाळला की लगेच काढाया लागंल. न्हाय तर जाग्यावर कुजंल."

मोनिकानं मान डोलावली. शेतकऱ्याच्या घरची सून होती, तिला हे कळत होतं. तिनं भांडणबिंडण केलं असतं तर साळूबाईला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ निघालं. ऊन पडलं तशी खालच्या तुकड्यातली बोंडं वाळायला लागली. बाया आल्या. पोरी आल्या. रूपाली ओटी घरूनच बांधून आली होती.

"आणल्या बघा," मुक्ताबाई म्हणाली. "काल नेल्या, आज आणल्या. झाली ना तुमची परीक्षा?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर साळूबाईनं परतवून लावला असता. पण मुक्ताबाई नुसतं विचारत होती, पाऊस उघडला ना असं विचारावं तसं. साळूबाईनं खालच्या तुकड्याकडं बघितलं. कडा पिवळसर पडायला लागल्या होत्या. आज हात लागले तर निम्मा वाचेल, नाहीतर नाही. सगळ्या गावाच्या वावरात पोरं होती. तिच्या एकटीच्या वावरात नसली म्हणून काय शाळा सुधारणार होती? तिला मोनिकाचा राग आला, त्या बी.एड.चा राग आला, शहरातून येऊन टाळ्या वाजवून गेलेल्या बाईचा तर फारच राग आला. त्या बाईचं काय गेलं? ती टाळ्या वाजवून मोकळी झाली.

बांधावरून मोनिका शाळेला निघाली होती. पऱ्हाटीत पोरी दिसल्या तशी तिनं मान वळवली आणि पाय उचलले.

"मोनिका!" साळूबाईनं हाक मारली. "थांब. पोरी घेऊन जा."

मोनिका थांबली. मुक्ताबाईही थांबली.

"आज परत परीक्षा?" मुक्ताबाईनं विचारलं.

"नाय."

"मग कोण सायेब येणारे तपासायला?"

"कुणी नाय येणार," साळूबाई म्हणाली. "मी इचारायली तुला. न्यायची का पोरगी शाळंत?"

मुक्ताबाईनं तिच्याकडं बघितलं. मग भिजलेल्या तुकड्याकडं बघितलं. मग लेकीकडं. रूपाली दोघींच्या तोंडाकडं बघत ओटीच्या गाठीशी चाळा करत होती.

"पात?" मुक्ताबाई म्हणाली.

"मी धरते."

"गाठोडं?"

"तुझंच."

मुक्ताबाईनं लेकीला मानेनं खूण केली. रूपालीनं ओटी सोडून साळूबाईच्या हातात दिली आणि ती बांधाकडं सुटली. तिच्या मागून दोघी-तिघी गेल्या. बाकीच्या आपल्या आयांकडं बघून तिथंच थांबल्या. सगळ्यांच्या पाती धरायला साळूबाईला काही दहा हात नव्हते. मोनिका बांधावर आहे त्या पोरींना घेऊन उभी राहिली, सासूला काहीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं, पण साळूबाईनं हातानंच तिला हाकललं.

ती लहानशी ओटी तिनं श्वास आत घेऊन बांधली आणि वाकली. दोन झाडं झाली, तिसऱ्यावर हात गेला, तेवढ्यात शेजारून मुक्ताबाईचा आवाज आला.

"आक्का, खालची बोंडं राह्यली की तुमची. नीट येचा. वजन माझं हाय."

साळूबाईनं दोन झाडं मागं जाऊन गुडघा मातीत टेकला.